मुक्या सोबत्यांचे देणे

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम मोठ्या विचारात पडलो. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची. उभा जन्म तांदूळ, जोंधळा व डाळी यांच्या घाऊक व्यापारात गेलेला. बाजारभावाविषयी लिहावे, तर अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत तो विषय शिळा होतो. धर्माविषयी लिहावे, तर तो आमचा अधिकार नव्हे. तेव्हा ज्या बाबतीत आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली, आणि जी चूक आमच्या व्यापारी बंधूंच्या हातून घडू नये असे आम्हांस मनापासून वाटते, तोच विषय येथे घेतला आहे. घरी, दुकानी व वखारीत आपण जी कुत्री-मांजरे पाळतो, त्यांची नियमित वैद्यकीय निगा, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु वाचकांनी थोडा धीर धरून आमची हकीकत ऐकावी, अशी विनंती आहे.

मोतीची हकीकत

आमचे मूळ घर व भाताची वखार उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्यास आहे. हा तालुका पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली सुपे गाव गेले आणि कचेऱ्या जोयड्यास आल्या. कुंभारवाडा जोयड्याहून अणशीकडे जाणाऱ्या वाटेवर, दाट रानात वसलेला आहे. भोवताली काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, पश्चिमेस डोंगरापलीकडे गोवा, आणि पावसाळा असा की चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत. अशा ठिकाणी कुत्रे पाळणे ही हौस नसून गरज असते. रात्री अंगणात काही हालचाल झाली, तर प्रथम तेच सांगते. आणि बिबट्या आला, तर प्रथम तेच जाते.

आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. तांबूस रंगाचा, गावठी, पण अत्यंत इमानी. वखारीच्या दारात तो बसला असता परका मनुष्य पायरी चढत नसे. १९८९ सालच्या पौष महिन्यात गावात जनावरांचे डॉक्टर आले व त्यांनी कुत्र्यांस लस टोचण्याचे शिबिर भरविले. दवंडी आमच्याही कानी आली. पण भाताची आवक जोरात होती, वखारीत पाय ठेवावयास जागा नव्हती, आणि काटा सोडून कुत्र्यास घेऊन रांगेत उभे राहणे आम्हांस कमीपणाचे वाटले. शिवाय, ‘आपला मोती बांधलेला असतो, त्याला कसली लस?’ असेही आम्ही म्हटल्याचे आज चांगले आठवते.

त्याच वर्षी श्रावणात एक अनोळखी, लाळ गाळणारे कुत्रे रात्री अंगणात शिरले व मोतीशी झुंजले. मोतीच्या ओठास जखम झाली. आम्ही तीवर हळद लावली आणि विसरून गेलो. जखम भरली. पुढे दोन महिन्यांनी, आश्विनात, मोती अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला. लाकडे, माती, जे दिसेल ते चावू लागला. त्याचा आवाज घोगरा झाला. पोट बिघडले असेल, असे आम्ही समजलो. तिसऱ्या दिवशी आमचा एक हमाल त्यास नेहमीप्रमाणे भाकरी घालावयास गेला, तेव्हा मोतीने त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. हमालाने जखमेवर चुना लावला व कोणास न सांगता संध्याकाळपर्यंत पोती वाहिली. चौथ्या दिवशी मोती गेला.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी लक्षणे ऐकली, आणि त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, गेल्या आठ-दहा दिवसांत या कुत्र्याच्या तोंडाशी कोणाकोणाचा संबंध आला? आमची चार वर्षांची कन्या रोज आपल्या हाताने त्यास घास भरवीत असे, आणि तो तिचे हात चाटीत असे. तिच्या बोटांवर खेळताना झालेले ओरखडे होते. आमच्या पायांखालची जमीन सरकली.

हमाल व आमची कन्या, दोघांसही शहराच्या दवाखान्यात नेऊन चौदा दिवस रोज एक, अशी पोटात चौदा इंजेक्शने द्यावी लागली. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती जुनी लस होती. इंग्रज डॉक्टर सेंपल यांनी ती कसौली येथे १९११ च्या सुमारास सिद्ध केली होती, व आपल्या देशात ती २००४ पर्यंत चालू होती. ती अतिशय दुखे, आणि क्वचित तिच्यामुळेच अंग लुळे पडे. मुलीस दोघांनी धरावे लागे. इंजेक्शने संपल्यावरही पुढले तीन महिने, पोरीने पाणी प्यावयास नुसती कुरकुर केली, तरी घरातील सर्वांची तोंडे पांढरी पडत. ईश्वरकृपेने दोघेही वाचले.

आम्ही हमालाची माफी मागितली. तो म्हणाला, “सावकार, मोतीवर माझा राग नाही. पण पुढचं कुत्रं आणाल, तर आधी सुई टोचून आणा.” त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या अंगणात लस न टोचलेले कुत्रे राहिलेले नाही.

हा रोग कसा चालतो

पिसाळणे म्हणजे उन्हाने डोके फिरणे, असा समज आमच्या लहानपणी होता व खेड्यांतून तो अद्यापही आहे. तो खोटा आहे. हा एका विषाणूचा रोग असून तो पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेवाटे शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो, आणि तेथे पोहोचला की मग लक्षणे दिसतात. या प्रवासास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणूनच मोतीची जखम भरली तरी रोग आत चालतच राहिला होता. लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रे असो वा माणूस, वाचणे जवळजवळ अशक्यच. परंतु जखम होताच लस घेतली, तर मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रोगास अडविता येते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम ही लस दिली व तो वाचला, ही गोष्ट शाळेत आपण सर्वांनीच वाचली आहे.

कुत्रे चावल्यास काय करावे, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आता पोटातील इंजेक्शने राहिलेली नाहीत. दंडात ठरावीक दिवशी मोजकीच इंजेक्शने देतात. चावा खोल असल्यास जखमेत वेगळे औषधही भरतात. चावणारे कुत्रे घरचे असेल, तर त्यावर दहा दिवस नजर ठेवावी; पण तोवर माणसाचा उपचार मात्र थांबवू नये.

माणसास होणाऱ्या या रोगापैकी शंभरांत नव्याण्णव कुत्र्यांमुळेच होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा सरळ अर्थ असा की, कुत्र्यास टोचलेली लस हीच माणसाचीही ढाल आहे.

याचे उदाहरण आमच्या डोंगरापलीकडेच घडले. गोव्यात २०१४ पासून सरकार व ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून गावोगाव, गल्लोगल्ली फिरून पाळीव व भटक्या कुत्र्यांस जाळ्यांनी धरून लस टोचली. २०१७ पर्यंत शंभरांतील सुमारे सत्तर कुत्र्यांस लस मिळू लागली. कुत्र्यांतील हा रोग फार मोठ्या प्रमाणावर घटला, आणि २०१७ नंतर पुढील काही वर्षे या रोगाने तेथे एकही माणूस दगावला नाही. सत्तर या आकड्यातील हिशेब व्यापाऱ्यास लगेच कळण्यासारखा आहे. एक पिसाळलेले कुत्रे सरासरीने एक-दोनच कुत्र्यांस रोग देते. दहांपैकी सात सुरक्षित झाली, म्हणजे रोगास पुढचे गिऱ्हाईकच मिळत नाही व साखळी आपोआप तुटते. पण कुत्री दरवर्षी नवी जन्मतात, म्हणून हे काम दरवर्षी करावे लागते. एक वर्ष खंड पडला, की भांडवल बुडाले.

केवळ पिसाळण्याचीच लस नव्हे

कित्येक बंधू विचारतात, वर्षातून एक सुई दिली म्हणजे झाले ना? तसे नाही. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की त्यास डिस्टेंपर, पार्वो इत्यादी रोगांवरील पहिली लस द्यावी, व पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ते चार महिन्यांचे होईतो, ती पुन्हा द्यावी. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यावी, महिनाभराने तिची पुन्हा मात्रा द्यावी आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरसाल. जंताचे औषध लहानपणी वारंवार व मोठेपणी तीन महिन्यांनी एकदा. कुत्र्याच्या पोटातील जंतांची अंडी मातीत पडतात व अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात, हे आयांनी विशेष लक्षात ठेवावे.

पार्वो हा रोग १९७८ च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेला. यात पिल्लास रक्ताचे जुलाब होतात व दोन-तीन दिवसांत ते गतप्राण होते. डिस्टेंपरमध्ये ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून घाण वाहते व शेवटी झटके येतात. हा रोग आमच्या रानाकाठच्या लोकांनी अधिकच भिण्यासारखा आहे, कारण तो गावच्या कुत्र्यांपुरता राहत नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली या रोगाने सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतही हाच रोग आढळला. आमच्या कुंभारवाड्याचे कुत्रे रानात जाते, आणि रानातला बिबट्या अंगणात येतो. एका गावठी कुत्र्याची चुकलेली लस कोठवर भोवेल, याचा अंदाज करणे कठीण आहे.

पावसाळ्यात गोचिडांचा फार उपद्रव असतो. गोचीड नुसते रक्त पीत नाही, तर ताप देते. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या व ते खाईनासे झाले, तर तो गोचीडताप समजून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. माणसांस होणारा माकडतापही गोचिडांमुळेच पसरतो. तो १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला, व २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गापर्यंत त्याचा उपद्रव झाला. रानातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरून घरात गोचिडे येतात. म्हणून त्याचे अंग रोज तपासावे. कान, बगला व बोटांच्या फटी विशेषतः.

वखारीतील मांजर

आता धान्याच्या व्यापाऱ्याच्या खास जिव्हाळ्याचा विषय. वखारीत उंदीर होतात, म्हणून मांजर ठेवण्याची जुनी चाल आहे. याबाबत आम्हांस दोन शब्द स्पष्ट लिहावेसे वाटतात. श्रावकास वर्ज्य म्हणून सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत हिंसक प्राणी पोसण्याचाही समावेश आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. उंदीर मारण्यासाठी मांजर पोसणे हे त्यात बसते की नाही, याचा निर्णय आम्ही देणार नाही. पण आमच्यापुरते आम्ही वखारच उंदरांस बंद केली. दारांच्या खालच्या कडांस पत्रा मारला, भिंतींची बिळे सिमेंटने बुजविली, पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दोन हात अंतरावर रचली, आणि सांडलेले धान्य रोज झाडून काढण्याची शिस्त लावली. मालाची खराबी मांजराच्या काळापेक्षा कमी झाली, हे आम्ही वह्यांवरून सांगतो.

तरीही दोन मांजरे आमच्या आश्रयास आहेत, आणि आश्रयास आलेल्याची निगा राखणे हे कर्तव्य ठरते. मांजरासही पिसाळण्याची लस लागते, कारण ते ओरबाडते व चावते. वखारीत धुरी देण्याच्या गोळ्या ठेवावयाच्या असतील, तर आधी आत मांजर नाही याची खात्री करून घ्यावी. त्या वायूने ते तर मरतेच, पण माणूसही मरतो. उंदरांसाठी ठेवलेले विष उंदराच्या पोटातून मांजराच्या पोटात जाते, हेही विसरू नये. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा रोग पसरतो. तो कुत्र्यांस होतो, तसाच अनवाणी पायांनी ओल्या वखारीत काम करणाऱ्या हमालांसही होतो. कुत्र्यास त्याची लस देता येते; हमालास पायांत गमबूट देता येतात. दोन्ही खर्च मालकाचेच आहेत.

आहाराविषयी एक अप्रिय सत्य सांगणे भाग आहे. कुत्रे भाकरी, भात, डाळ, दूध-दही यांवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य ती भर घातल्यास, नीट जगू शकते. मांजर मात्र तसे जगू शकत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्यास मांसातूनच मिळते. ते न मिळाल्यास त्याचे डोळे जातात व हृदय दुबळे होते. तेव्हा ज्यांस हे द्रव्य घातलेले खाद्य देणे पटत नसेल वा जमत नसेल, त्यांनी हौसेखातर मांजर घरी आणूच नये. दूध-भातावर ठेवून त्यास हळूहळू आंधळे करणे यात दया नाही. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांस विषासारखे आहेत. ते बहुधा आपल्या घरी नसतातच. परंतु मनुका व बेदाणेही कुत्र्यास घातक असतात, आणि ते आपल्या दुकानी पोत्यांनी असतात, म्हणून मुलांस ताकीद द्यावी. तसेच माणसांची तापाची गोळी मांजरास कदापि देऊ नये. एका गोळीनेही ते मरते.

आपली परंपरा आणि तिच्यातील उणीव

मुक्या जिवांसाठी द्रव्य खर्चण्यात आपला समाज मागे राहिलेला नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी, हिंदू व जैन व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, दंगाही झाला. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ निघाली, व तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले, व १८८६ साली तेथेच पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. दिल्लीस १९२९ च्या सुमारास पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय सुरू झाले, ते आजही लाल मंदिरात चालू आहे.

या सर्व कार्यांबद्दल कोणासही अभिमान वाटेल. परंतु आम्हांस असे दिसते की, आपली दया बहुधा जनावर पडल्यानंतर जागी होते. लंगडी गाय, जखमी कबुतर, म्हातारा बैल यांसाठी आपण हात सैल सोडतो. आजारी नसलेल्या जनावरासाठी मात्र चार पैसे खर्चणे आपल्या जिवावर येते. दुभत्या गाई-म्हशींस लाळ्या-खुरकुताची व घटसर्पाची लस आपण टोचून घेतो, कारण दूध बुडाले तर तोटा दिसतो. कुत्र्याचा तोटा वहीत दिसत नाही, म्हणून त्याची पाळी येत नाही. जनावरास करकचून बांधणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, त्यावर फाजील ओझे लादणे, त्याचे अन्नपाणी तोडणे, हे अहिंसाव्रताचे अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, हाताशी असलेला उपाय आळसाने न करणे, हेही त्यांच्या जवळपासचेच आहे. मोतीस आम्ही कधी काठी मारली नव्हती, उपाशी ठेवले नव्हते. तरीही त्याचे मरण आमच्या नावे आहे.

संघास विनंती

शेवटी संघाच्या कार्यकारिणीस व सभासद बंधूंस काही नम्र सूचना करितो.

पहिली सूचना ही की, दरवर्षी २८ सप्टेंबरच्या सुमारास, जो दिवस पाश्चर यांच्या पुण्यतिथीनिमित्त रेबीज दिन म्हणून पाळला जातो, संघाने सरकारी पशुवैद्यकीय खात्याच्या मदतीने लसीकरणाचे शिबिर भरवावे. त्यात केवळ सभासदांची नव्हे, तर हमालांची, गाडीवानांची व बाजारपेठेतील बेवारशी कुत्रीही घ्यावी. यास लागणारा पैसा धर्मादायातून सहज निघेल; तांदळाच्या एका पोत्याच्या किमतीत कित्येक कुत्र्यांची वर्षाची लस होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दुसरी सूचना, ज्यांची वखार आमच्यासारखी आडगावी आहे, त्यांनी डॉक्टर येण्याची वाट पाहत बसू नये. कर्नाटकात व महाराष्ट्रात १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची सोय आहे, तिची चौकशी करावी. तिसरी सूचना, जितकी निगा राखता येईल तितकीच जनावरे पाळावीत, व पिल्ले वाढवून रस्त्यावर सोडण्यापेक्षा वेळीच डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी.

आमच्या घरी एक लहानसा रिवाज आहे, तो सांगून लेखणी आवरतो. दिवाळीस वहीपूजन झाले, की नव्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही घरातील व वखारीतील प्रत्येक कुत्र्या-मांजराचे नाव लिहितो, व पुढे लशीची आणि जंताच्या औषधाची मिती मांडून ठेवतो. मिती आली, की मुनीम आठवण करितो, जशी हुंडीची करितो तशीच. हे पान प्रथम आमच्या त्याच कन्येने, शाळेत असताना, आपल्या हस्ताक्षरात मांडून दिले. ती आज आपल्या घरी सुखी आहे, तिच्या दारातही कुत्रे आहे, आणि दर आश्विनात तिचा न चुकता प्रश्न येतो की, बाबा, यंदा सर्वांच्या सुया झाल्या ना?

आपल्या वहीतही असे एक पान असावे, एवढीच आमची मागणी आहे. इत्यलम्.